मान हलवणारं इंजिन

दारव्ह्यात कोणालाही विचारा, खेळण्यातली रेल्वे कुठं मिळते म्हणून. समोरचा आधी हसतो आणि मग हात करून दाखवतो, "ते काय, पांढरीपांड्यांचं दुकान." ज्या रस्त्यावर बियाणं, खत, फवारणीचे पंप आणि मोटारसायकलचे टायर यांचीच दुकानं ओळीनं उभी आहेत, तिथं एक माणूस वर्षानुवर्षं खेळण्यातल्या आगगाड्या विकत बसलाय, ही गोष्ट हसण्यासारखी आहेच. सुचित्राबाईसुद्धा हसायच्या, आणि त्या तर दुकानदाराची बायको.

आता खरी शकुंतला बंद पडली आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती चिमुकली गाडी, जिच्यात बसून अर्ध्या तालुक्यानं सासर-माहेर केलं, तिच्या रुळांत आता बाभळी माजल्यात. पण अनंतराव पांढरीपांड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत ती अजून धावते. सागाच्या फळ्यांवर पितळी रूळ, पुठ्ठ्याचं लाडखेड, पुठ्ठ्याचं दारव्हा, आणि काड्यापेटीएवढे डबे. लोक मुलांना घेऊन येतात आणि मुलांपेक्षा स्वतःच जास्त वेळ उभे राहतात.

अनंतरावांचं घराणं कचेरीतलं. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, दोघे भाऊ बँकेत. त्या घरात मुलगा पाया पडला की एकच आशीर्वाद मिळायचा, "लवकर कुठंतरी चिकट." अनंतरावही चिकटले होते पाटबंधारे खात्यात. पण डिंक कच्चा निघाला.

त्याला कारण यवतमाळचं एक दुकान. लहानपणी डोळे तपासायला वडिलांनी त्यांना शकुंतलेत बसवून यवतमाळला नेलं होतं, तेव्हा परतताना घनश्यामशेठ नावाच्या गृहस्थांच्या दुकानासमोर पोरगं जे थांबलं ते हलेना. काचेमागं किल्लीची आगगाडी गोल गोल फिरत होती. पत्र्याची, लाल डब्यांची, बोगद्यात शिरून परत बाहेर येणारी. वडिलांनी ती घेऊन दिली नाही. कचेरीतली माणसं असल्या गोष्टी घेत नसतात. पुढं मोठे झाल्यावर, स्वतःच्या कमाईतून ती गाडी घ्यायची म्हणून अनंतराव मुद्दाम यवतमाळला गेले, तर दुकान तेच, काचही तीच, पण आत कपाशीच्या बियाण्याची पाकिटं मांडलेली. घनश्यामशेठचा मुलगा म्हणाला, "आगगाडी कोन घेते भाऊ? आता यालेच मागणी आहे."

त्या दिवशी अनंतराव घरी आले, हातपाय धुतले आणि सुचित्राबाईंना म्हणाले, "मी दुकान काढतो. रेल्वेचं."

सुचित्राबाईंना वाटलं, तिकिटांचं.

जेव्हा कळलं, तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस अन्न सोडलं, थोरल्या दिरांनी नागपूरहून येऊन समजावलं, आणि सुचित्राबाईंनी रात्रभर विचार करून एवढंच विचारलं, "तुम्हाला येतं का करता?" ते म्हणाले, "शिकेन." त्या स्वतः पंचायत समितीत नोकरीला होत्या, चूल विझणार नव्हती. आणि हा माणूस पाटबंधाऱ्यातून रोज संध्याकाळी जे तोंड घेऊन यायचा, ते बघवत नव्हतं. हो म्हणून टाकलं. त्या 'हो'बद्दल नातेवाइकांनी त्यांना आयुष्यभर बोल लावला, आणि त्यांनी तो एकदाही मनावर घेतला नाही.

अनंतराव खरंच शिकले. मुळातच काटेकोर. गाडीचं इंजिन करायचं तर आधी स्टेशनवर जाऊन खऱ्या इंजिनाला टेप लावायचे, ड्रायव्हर चहा पीत असला की चाकाखाली वाकायचे. स्टेशनमास्तरांना वाटायचं, हे कुठल्या तरी खात्याचे तपासणीवाले असावेत. वणीच्या कोळसा खाणीतले साहेब मुलांच्या परदेशी गाड्या दुरुस्तीला पाठवू लागले, आर्णी-नेरहून लोक विचारत येऊ लागले. एक केसभर चूक त्यांना खपत नसे. सुचित्राबाई भाजीत मीठ घालायला विसरल्या तर कळायचं नाही, पण डब्याची कडी तिरकी बसली तर जेवण गोड लागायचं नाही.

आणि अशा माणसाच्या हातून दुकानातली सगळ्यात चुकलेली वस्तू तयार झाली.

वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळ्याला मोठी माणसं खरे बैल तोरणाखाली नेतात, तान्ह्या पोळ्याला लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल. त्याला आमच्याकडे नंदी म्हणतात. नंदी सजवायचा, दोरीनं ओढत तोरणाखाली न्यायचा, आणि मग घरोघर फिरवायचा. घरातली बाई नंदीच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, घास भरवते, आणि मुलाच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं ठेवते. बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही, पण या दिवशी लाकडाचा बैल खराच असतो.

दुकान काढल्यावर पहिल्याच वर्षी अनंतरावांच्या मनात आलं, आपल्या मुलानं, पियूषनं, तान्ह्या पोळ्याला नंदीऐवजी शकुंतलेचं इंजिन न्यावं. शकुंतलेनं काय कमी कापूस ओढला? महिनाभर खपून त्यांनी सागाचं इंजिन घडवलं. चाकं मात्र खरादीवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, करून आणायची होती, म्हणून धावजी सुताराकडे माप दिलं. धावजी सारी हयात नंदीच करत आलेला. नंदीच्या चाकाचं भोक मधोमध पाडत नाहीत, जरासं बाजूला पाडतात, म्हणजे नंदी चालताना पुढून वर-खाली होतो आणि मान हलवल्यासारखा दिसतो. धावजीनं माप बरोबर घेतलं, चाकं सुरेख गोल केली, आणि भोकं हाताच्या सवयीनं बाजूला पाडली.

इंजिन जमिनीवर ठेवून ओढलं, तर ते मान हलवत निघालं.

अनंतरावांनी इंजिन उलटं करून चाकाच्या भोकावर बोट ठेवलं. "इंजिन कुठं मान हलवतं, धावजी?"

"मले काय मालूम गा," धावजी म्हणाला, "तान्ह्या पोयाले पाह्यजे म्हनलं तुमी. मी तं बैलाचेच केले."

दुसरी चाकं करायला वेळ उरला नव्हता. पियूष सहा वर्षांचा, त्याला तर मान हलवणारं इंजिन फारच आवडलेलं. तेच सजवलं. धुराड्याला बेगड लावली, समोर बाशिंग बांधलं, पाठीवर सुचित्राबाईंनी ब्लाउजपिसाची झूल शिवली. आणि बापलेक मारुतीच्या देवळासमोर तोरणाशी गेले.

तोरणाचे मानकरी होते पुंडलिकराव. गावाच्या कडेला त्यांची कपाशी आणि तूर, गोठ्यात तालुक्यात नाव असलेली जोडी. पोळ्याला पहिली जोडी त्यांचीच सुटायची आणि तान्ह्या पोळ्याचं तोरणही तेच सांभाळायचे. माणूस मोठा करारी. त्यांनी पियूषच्या हातातलं इंजिन पाहिलं आणि काठी आडवी धरली. इंजिन जमिनीवरही ठेवू दिलं नाही.

"हे काय आनलं गा अनंतराव? हे बैलाचं तोरन होय. नंदी म्हंजे घरच्या जोडीची मूर्त. याले गोठा आहे का? हे चारा खाते का? घरी घेऊन जा, अन् लेकरालेही असं काही शिकवू नका."

माणसं हसली. कोणीतरी शिट्टी वाजवली, गाडी सुटताना वाजते तशी. पियूष घरापर्यंत रडत आला. अनंतराव रडले नाहीत. त्यांनी बाशिंग सोडलं, झूल घडी करून सुचित्राबाईंच्या हातात दिली आणि इंजिन दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. पुढं कित्येकांनी ते मागितलं. अनंतराव सगळ्यांना एकच सांगायचे, "विकायचं नाही. चाकं चुकलीत त्याची."

चाकं बदलायला त्यांना एक दुपार पुरली असती. सुचित्राबाईंना हे ठाऊक होतं. नवऱ्याला बोचतंय ते चाक नव्हे, हेही ठाऊक होतं. पण झाकली मूठ त्यांनी कधी उघडायला लावली नाही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली आणि कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडलेला, पाऊस लहरी, पेपरात रोज जिल्ह्याचं नाव, आणि ज्या कारणानं ते यायचं ते घरात कोणी मोठ्यानं वाचायचं नाही. बाहेरगावची माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि गावातली माणसं त्यांना पाहून दारं लोटून घ्यायची. अशा दिवसांत खेळणं कोण विकत घेणार? पण मोडकी खेळणी दुरुस्तीला यायची थांबली नाहीत, उलट वाढली. नवीन घेणं जमत नाही म्हटल्यावर आया माळ्यावरचे जुने नंदी उतरवून आणायच्या. कोणाचा पाय मोडलेला, कोणाचं शिंग. रेल्वेवाला माणूस शांतपणे शिंगं चिकटवत बसायचा. मजुरी विचारली की म्हणायचा, "आधी सुकू द्या." आणि सुकल्यावर त्याला मजुरीची आठवणच राहायची नाही. सुचित्राबाई वरवर चिडायच्या. "दुकान आहे की जनावरांचा दवाखाना?" म्हणायच्या. पण त्या वर्षांत आपल्या नवऱ्याचा जेवढा अभिमान त्यांना वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.

त्यातल्याच एका वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सुचित्राबाई कचेरीतून परस्पर दुकानात आल्या होत्या. ही खांदशेकणीची संध्याकाळ. या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. एव्हाना प्रत्येक शेतकरी आपल्या गोठ्यात असायला हवा. आणि दुकानाच्या पायरीवर पुंडलिकराव उभे होते. सोबत त्यांची नात खुशी. पोरीचे डोळे रडून सुजलेले.

त्यांची जोडी उन्हाळ्यातच गेली होती. पावसानं दगा दिला, कडबा संपला, आणि उपाशी ठेवण्यापेक्षा बरी म्हणून त्यांनी ती पुसदकडच्या बागायतदाराला दिली, हे गावाला माहीत होतं. उद्या पहिल्यांदाच तोरणाखाली त्यांची जोडी नसणार, हेही माहीत होतं. पण खुशीचं रडणं वेगळ्या कारणाचं होतं.

"एक बाहुली द्या जी हिले," पुंडलिकराव म्हणाले. "चांगली मोठी द्या."

"मले बाहुली नाई पाह्यजे," खुशी म्हणाली. "मले माहा नंदी पाह्यजे. आबानं मायावर टाकला."

सुचित्राबाईंच्या तोंडून गेलंच, "अहो, माळ्यावर काहून टाकला? लेकराचा सण आहे."

म्हाताऱ्यानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "बाई, नंदी म्हंजे घरच्या जोडीची मूर्त. घरी जोडी नाई तं नंदी कोनाचा? आजवर मीच साऱ्याइले सांगत आलो. आता माह्या घरी तशी वेळ आली म्हनून बदलू का?"

सुचित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हेच वाक्य, हाच माणूस. अनंतरावांनी काहीही म्हटलं असतं तरी त्या क्षणी ते शोभलं असतं. नुसते हसले असते तरी फेड झाली असती. पण त्यांचं लक्ष म्हाताऱ्याकडे नव्हतंच. खुशी मान वर करून सगळ्यात वरच्या फळीकडे बघत होती, आणि ते खुशीकडे.

"ते काय होय?" खुशीनं विचारलं.

पुंडलिकरावांनीही वर पाहिलं, आणि ओळखलं. त्यांचा चेहरा उतरला. "चाल व," ते नातीला म्हणाले, "ते इकाचं नाई."

अनंतराव स्टूल घेऊन चढले. कितीतरी वर्षांनी इंजिन खाली आलं. फडक्यानं धूळ पुसली, आसांत तेलाचा थेंब सोडला, दोरी बांधली आणि दोरीचं टोक पोरीच्या हातात दिलं. "ओढ बेटा. पण सांगून ठेवतो, चाकं चुकलीत त्याची."

खुशीनं ओढलं. इंजिन फरशीवरून मान हलवत निघालं. एकदा वर, एकदा खाली. पोरगी रडता रडता खुदकन हसली. "आबा, हे पाह्य ना! आपला सर्जा चालते तसं चालून राह्यलं!"

पुंडलिकराव बघत राहिले. इंजिन भिंतीपर्यंत गेलं, वळलं, परत आलं. मग ते हळूच म्हणाले, "तवा मले हे दिसलंच नाई, अनंतराव."

"तुम्ही खाली ठेवूच दिलं नव्हतं, भाऊ," अनंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कडूपणाचा टिपूस नव्हता. "घरची जोडी नसली तर नंदी नाही, हे तुमचं बरोबरच आहे. पण शकुंतला कोणाच्या एकट्याच्या घरची असते का? तुमच्या वडिलांचा कापूस तिनंच नेला, माझ्या वडिलांची बदली झाली तेव्हा आम्हालाही तिनंच आणलं. ती कोणाच्याही घरून निघाली तरी चालतं."

म्हातारा खाली वाकला. सुचित्राबाईंना वाटलं, इंजिन उचलून घेताहेत. पण त्यांनी ते उचललं नाही. धुराड्याच्या मागं, जिथं बैलाचा खांदा असता, तिथं तळहात ठेवला आणि सवयीनं चोळल्यासारखा फिरवला. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कोणते असणार हे त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.

सुचित्राबाई घरी जाऊन पेटीतली झूल शोधू लागल्या. ती सापडली, जराशी विटलेली.

तान्ह्या पोळ्याला देवळासमोर गर्दी होती, पण दरसालची नव्हती. बऱ्याच घरचे नंदी निघालेच नव्हते. खुशी इंजिन घेऊन आली तशी कुजबुज सुरू झाली. एक तरणा पोरगा हसून ओरडला, "आबा, हे बैलाचं तोरन होय ना?" बारा-तेरा वर्षांपूर्वीचं वाक्य त्यानं बापाकडून ऐकलं असणार. अनंतराव गर्दीच्या मागं उभे होते. सुचित्राबाईंनी त्यांचा हात धरला, भर चौकात, लग्नानंतर पहिल्यांदाच.

पुंडलिकराव तोरणाखाली आले. हातात काठी होती. त्यांनी ती आडवी धरली नाही, देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवली. मग कानावर हात ठेवून, खड्या आवाजात झडती म्हटली. पोळ्याला बैल सुटायच्या आधी ही कवनं म्हणतात, तशीच, पण ही कोणी कधी ऐकलेली नव्हती.

"कोयसा खाये, पानी पेये, वढे कापसाचा भार,
मान हालवत चालली माही शकुंतला दमदार!
जो म्हने हे बैल नाई, त्यानं वढून पाहावा भार!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" चौक गरजला. आणि तोरणाखालून पहिलं गेलं ते मान हलवणारं इंजिन.

ज्यांच्या घरचे बैल गेले होते अशी आणखीही मुलं तिथं रिकाम्या हातानं उभी होती. खुशीच्या मागं एकानं तिच्या फ्रॉकचा पट्टा धरला, त्याच्या मागं दुसऱ्यानं त्याचा सदरा. बघता बघता डब्यांची गाडी झाली. झुकझुक करत ती घरोघर निघाली, आणि कोणत्याही आईनं तिला बोजारा दिल्याशिवाय दारातून सोडलं नाही.

गाडी शेवटी दुकानासमोर थांबली. सुचित्राबाई ताट घेऊन तयार होत्या. त्यांनी इंजिनाच्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. अनंतराव नुसते उभे होते, हात कुठं ठेवावेत हे न कळून.

"आता घास तुम्ही द्या," सुचित्राबाई त्यांना म्हणाल्या आणि पुरणपोळीचा तुकडा पुढं केला.

तो केसभर चूक न खपणारा माणूस, मापाबाहेरचं काही न करणारा, मुकाट्यानं गुडघ्यांवर बसला. त्यानं घास इंजिनाच्या तोंडाशी धरला. एवढ्या वर्षांत जे आलं नव्हतं ते पाणी आता डोळ्यांत आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

पुंडलिकराव शेजारी येऊन टेकले. त्यांनी अनंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोटभर चारा त्याले, अनंतराव," ते म्हणाले. "लय वर्सं उपाशी ठेवलं मी."